सूज आणि बाळसे : आपल्या संगणक कक्षाच्या निमित्ताने



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्याच आठवड्यात दोन प्रकरणे आमच्या टेबलावर आली. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पुढे विचार करता लक्षात आले की दोन्हींचे मूळ एकच आहे. म्हणून हा लेख.

पहिले प्रकरण संगणक कक्षाचे. आपल्या कक्षात अठरा संगणक आहेत. २०१४ साली विश्वस्तांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून ते घेतले. त्यांवर चालणाऱ्या विंडोज १० या प्रणालीची नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि तिच्या पुढची विंडोज ११ एवढ्या जुन्या संगणकांवर रीतसर बसत नाही. एका विक्रेत्याने येऊन पाहणी केली व म्हणाला, "सर, हे सगळं आता भंगार समजा. अठराच्या अठरा नवीन घ्या." सोबत त्याने दरपत्रक दिले. तो आकडा आम्ही येथे छापत नाही. एवढेच सांगतो की तेवढ्या पैशांत शाळेच्या दोन वर्गखोल्यांचे छत दुरुस्त होईल.

दुसरे प्रकरण आठवीतल्या एका विद्यार्थिनीच्या आईचे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जाची सूचना शाळेने पालकांच्या मोबाइलवर पाठवली होती. मुलीचे वडील डाईंग मिलमध्ये बारा तासांच्या पाळीवर असतात. घरात मोबाइल एकच, तोही जुना. आई म्हणाली, "सर, मोबाइलमध्ये जागाच नव्हती. ते गोल गोल फिरत राहिलं, उघडलंच नाही. मला वाटलं, नेहमीसारखे कार्यक्रमाचे फोटो असतील." अर्जाची तारीख निघून गेली. मुलगी अभ्यासात पहिल्या पाचांतली. त्या ताईंनी आवाज चढवला नाही, म्हणून आम्हाला जास्त लागले.

त्या सायंकाळी आम्ही ती सूचना पुन्हा काढून पाहिली. मजकूर नऊ ओळींचा. परंतु तो लेटरहेडवर छापला, शिक्का मारला, रंगीत स्कॅन केला, आणि त्याच फाइलमध्ये क्रीडा महोत्सवाची चार पाने जोडली. फाइल झाली चौदा मेगाबाइटची. त्याच नऊ ओळी नुसत्या टाइप करून पाठवल्या असत्या तर दोन किलोबाइटच्या आसपास भरल्या असत्या. म्हणजे निरोप एक रुपयाचा आणि त्याचे पोस्टेज सात हजार रुपये! पाठवण्यापूर्वी आम्ही ती फाइल तपासली होती का? तपासली होती. पण आमच्या स्वतःच्या नव्या मोबाइलवर. तेथे ती क्षणात उघडली.

विद्यार्थी मित्रांनो, या एका चुकीत संगणक जगतातील चाळीस-पन्नास वर्षांचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे.

चार मेगाबाइट ते चार गिगाबाइट

आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि संगणक आम्ही नोकरी लागल्यावर शिकलो. त्यामुळे ज्या पद्धतीने आम्हाला समजले त्याच पद्धतीने सांगतो. हार्ड डिस्क म्हणजे कपाट. रॅम म्हणजे काम करायचे टेबल. प्रोसेसर म्हणजे टेबलावर बसून काम करणारा माणूस. टेबल लहान असेल तर माणसाला दर मिनिटाला उठून कपाटाकडे जावे लागते, आणि आपण म्हणतो, "संगणक हँग झाला."

आता हे टेबल किती मोठे लागते ते पाहू. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ ला कमीत कमी ४ मेगाबाइट रॅम पुरत असे. २००१ च्या विंडोज एक्सपीला ६४ मेगाबाइट लागली. २००७ च्या व्हिस्टाला ५१२ मेगाबाइट, २००९ च्या विंडोज ७ ला १ गिगाबाइट आणि २०२१ च्या विंडोज ११ ला ४ गिगाबाइट. सव्वीस वर्षांत टेबल एक हजार पटींहून मोठे झाले. पण "माझा आवडता सण" हा निबंध टाइप करायला १९९५ साली जेवढा वेळ लागत असे, तेवढाच आजही लागतो. मग ही हजार पट जागा गेली कुठे?

आपल्याकडे एक चांगला शब्दप्रयोग आहे : सूज म्हणजे बाळसे नव्हे. मूल अंगाने भरले तर घरात आनंद होतो, तेच अंग सुजले तर आपण डॉक्टरांकडे धावतो. वजन दोन्हींत वाढते. संगणकाच्या वाढलेल्या वजनातही या दोन्ही गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

बाळसे कोणते? आज संगणकावर मराठी, गुजराती, हिंदी एकाच पानावर लिहिता येते. दृष्टिहीन व्यक्तीला संगणक मजकूर वाचून दाखवतो. बाहेरून येणाऱ्या व्हायरसपासून बचाव करणारी यंत्रणा आत असते. विंडोज ११ जुन्या संगणकांना नाकारते त्यामागेही एक कारण सुरक्षेचे आहे. संगणकात किल्ल्या-कुलुपे सांभाळणारी एक खास चिप असावी, अशी तिची अट आहे. हे सारे फुकटचे ओझे नव्हे.

आणि सूज कोणती? संगणक सुरू करताच कोणी न मागता उठून बसणारे दहा प्रोग्रॅम, कोपऱ्यात फिरणाऱ्या बातम्या व जाहिराती, खिडकी उघडताना होणारी सजावट, आणि एकावर एक रचलेले तयार कोडचे थर, ज्यांतला शंभरावा भागही वापरला जात नाही. भिंतीत एक खिळा ठोकायचा म्हणून सुताराची सगळी पेटी घरात आणून ठेवावी, तसा हा प्रकार.

फुगवटा का येतो?

सॉफ्टवेअर बनवणारे लोक आळशी असतात, असे समजू नये. कारणे समजण्यासारखी आहेत. काम लवकर द्यायचे असते, म्हणून तयार भाग जोडले जातात. ग्राहक सुविधांची यादी पाहून खरेदी करतो, म्हणून यादी लांबत जाते. प्रत्येक जण त्यातल्या थोड्याच सुविधा वापरतो, पण प्रत्येकाच्या त्या वेगवेगळ्या असतात, म्हणून काढून काहीच टाकता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, बनवणाऱ्याच्या टेबलावर नवाकोरा, बलवान संगणक असतो. त्याला स्वतःला त्रास होतच नाही. आम्हाला तरी कुठे झाला होता?

यात भर पडते ती एका विश्वासाची. १९६५ साली गॉर्डन मूर यांनी असे निरीक्षण मांडले की चिपवर बसणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे. १९७५ मध्ये त्यांनी ती मुदत दोन वर्षांची केली. पुढे कित्येक वर्षे हे जवळजवळ खरे ठरत गेले. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सवय लागली : आज हळू चालतो ना, चालू द्या, बाजारात येईपर्यंत संगणकच वेगवान होतील. म्हणजे आज लिहायचे ते उद्याच्या यंत्रासाठी.

याविरुद्ध १९९५ मध्ये स्वित्झर्लंडचे निकलाउस विर्थ यांनी लेख लिहिला. शिकण्यासाठी जगभर वापरलेली पास्कल ही संगणक भाषा त्यांचीच. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पंचवीस वर्षांपूर्वी मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्रॅम आठ हजार बाइटमध्ये बसत असे. आता त्याला शंभर पट जागा लागते, पण तो शंभर पट चांगला झालेला नाही. यंत्र ज्या गतीने वेगवान होते, त्याहून अधिक गतीने सॉफ्टवेअर मंद होत आहे. हा विचार एका सहकाऱ्याचा आहे असे विर्थ यांनी प्रामाणिकपणे नोंदवले, तरी जग त्याला विर्थ यांचा नियम म्हणूनच ओळखते. विर्थ केवळ तक्रार करून थांबले नाहीत. एका सहकाऱ्यासोबत त्यांनी ओबेरॉन नावाची छोटी, संपूर्ण प्रणाली बनवून दाखवली.

लूमच्या खात्यातला हिशेब

उद्याच्या यंत्रावर विश्वास टाकणाऱ्यांना २००४-०५ च्या सुमारास मोठी ठेच लागली. ती समजायला आपल्या पांडेसऱ्यातील मुलांना लूमचे खाते डोळ्यांसमोर आणले तरी पुरे.

१९९३ चा पहिला पेंटियम ६६ मेगाहर्ट्झचा होता. २००४ पर्यंत पेंटियम ४ हा ३८०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला. अकरा वर्षांत सुमारे सत्तावन्न पट वेग! परंतु तेथे चिप इतकी तापू लागली की वेग पुढे रेटणे परवडेना. इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजना २००४ मध्येच सोडून दिली. त्यानंतरच्या वीस वर्षांत हा आकडा दुप्पटही झालेला नाही.

मग कंपन्यांनी काय केले? एका लूमचा वेग वाढत नाही ना, मग लूमची संख्या वाढवा. एकाच चिपमध्ये दोन, चार, आठ प्रोसेसर बसवले. परंतु पालक बंधूंना ठाऊक आहे की एकच ताका विणायचा असेल तर आठ लूमचा उपयोग नाही. सात बंद राहतील आणि आठवी आपल्या गतीनेच चालेल. काम आठ ठिकाणी वाटून दिले तरच आठ लूमचा फायदा. जे प्रोग्रॅम "उद्या एकच लूम दहा पट वेगाने धावेल" असे गृहीत धरून लिहिले होते, ते अडकले. उद्या आला, पण वेगळ्या वाटेने आला.

येथे आपल्या पुण्याचे उदाहरण अभिमानाने सांगावेसे वाटते. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्या काळी अमेरिकेकडून हवा तो महासंगणक भारताला मिळत नव्हता. एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर मिळेल याची वाट पाहत न बसता, जे छोटे प्रोसेसर उपलब्ध होते तेच अनेक एकत्र जोडले आणि काम वाटून देणारे प्रोग्रॅम लिहिले. हातात आहे त्या यंत्राचा नीट विचार केला, आणि पुढे साऱ्या जगाला याच दिशेने यावे लागले.

खैराटची शाळा

दुसरे उदाहरण आपल्यासारख्याच, किंबहुना आपल्याहून लहान शाळेचे आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतच्या बाजूला खैराट म्हणून एक छोटी वस्ती आहे. तेथे पहिली ते चौथीची एकशिक्षकी मराठी शाळा. २००७ मध्ये "प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप" या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग या शाळेत सुरू झाला. हिरवा-पांढरा, उन्हातही पडदा दिसणारा, धूळ-पाणी सोसणारा तो लॅपटॉप. या प्रकल्पाचे निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरचा लॅपटॉप देण्याची घोषणा केली होती. प्रत्यक्षात किंमत त्याच्या दुपटीच्या जवळ गेली.

या लॅपटॉपचे यंत्र गरीब मुलांसाठी जाणीवपूर्वक साधे ठेवले होते. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट रॅम, आणि कपाटाच्या जागी फक्त १ गिगाबाइट. परंतु त्यावर जी शुगर नावाची प्रणाली दिली, ती मुख्यतः पायथन भाषेत लिहिलेली होती. पायथन शिकायला सोपी. मुलांनी स्वतःच प्रोग्रॅम उघडून पाहावा, बदलावा, हा त्यामागचा हेतू अतिशय सुंदर होता. पण या भाषेला सामान अधिक लागते आणि छोट्या यंत्रावर ती दमते. सुरुवातीच्या आवृत्त्यांत एखादा खेळ वा चित्रकलेचा प्रोग्रॅम उघडण्यास इतका वेळ लागे की मुले पुन्हा पुन्हा बटण दाबत, आणि यंत्र अधिकच अडके. पुढच्या आवृत्त्यांत सुधारणा झाल्या आणि नंतरच्या लॅपटॉपची रॅम चौपट करून १ गिगाबाइट करण्यात आली. पण पहिल्या तुकडीतील मुलांच्या हातात तर पहिलेच यंत्र होते!

मोठ्या कंपन्यांनाही याच सुमारास असाच अनुभव आला. २००७-०८ मध्ये स्वस्त, छोटे लॅपटॉप बाजारात आले. मायक्रोसॉफ्टची त्या वेळची नवी व्हिस्टा त्यांना पेलेना. शेवटी २००८ मध्ये कंपनीला जाहीर करावे लागले की अशा छोट्या लॅपटॉपसाठी २००१ ची जुनी एक्सपीच आणखी काही काळ विकली जाईल. ग्राहकाने जे यंत्र खरेच विकत घेतले, त्याच्यापुढे नव्या प्रणालीला बाजूला व्हावे लागले.

मग केवळ आजचाच विचार करावा का?

येथे कोणी म्हणेल, "सर, म्हणजे सारे छोटे आणि स्वस्त ठेवावे. उद्याचा विचारच नको." तसेही नाही. उद्याचा विचार न केल्याची शिक्षाही जगाने भोगली आहे.

जुन्या संगणकांत जागा मोजून-मापून वापरावी लागे. म्हणून १९७५ हे साल नुसते ७५ असे लिहीत. दोन अंकांची जागा वाचली. परंतु २००० साल जवळ आले तेव्हा प्रश्न उभा राहिला की ०० म्हणजे १९०० की २०००? बँका, रेल्वे, विमा कंपन्या, साऱ्यांचे प्रोग्रॅम तपासून दुरुस्त करावे लागले. त्या कामातून भारतातील अनेक संगणक कंपन्या पुढे आल्या ही गोष्ट वेगळी, पण खर्च जगाला झालाच.

असेच एक कोडे अजून शिल्लक आहे. अनेक जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात. त्यासाठी ठेवलेली जागा १९ जानेवारी २०३८ रोजी भरते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी दोनचा एकतिसावा घात काढून त्या सेकंदांची वर्षे करून पाहावीत. गणित बरोबर येते की नाही ते आम्हाला येऊन सांगावे.

मराठीचेच पाहा. १९८० च्या दशकातील संगणकांना देवनागरी लिहिणे जमत नव्हते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्टचे काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले, आणि संगणकात वेगळे कार्ड बसवून मराठी-हिंदी लिहिण्याची सोय झाली. त्या काळच्या पद्धतीत एका चिन्हाला एक बाइट पुरे. आज आपण वापरतो त्या युनिकोडच्या प्रचलित रूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. "मराठी" या शब्दात पाच चिन्हे आहेत : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. पूर्वी पाच बाइट, आता पंधरा. मग ही सूज म्हणायची का? मुळीच नाही. कारण आज सुरतेहून लिहिलेले मराठी धुळ्यात, मुंबईत किंवा अमेरिकेत, कोणत्याही मोबाइलवर जसेच्या तसे उघडते. तिप्पट जागेच्या बदल्यात आपल्याला सारे जग मिळाले.

याउलट आमच्याकडे या वार्तापत्राचे पंचवीस वर्षांपूर्वीचे अंक सीडीत जपून ठेवलेले आहेत. ते त्या वेळच्या एका खास फॉन्टमध्ये टाइप केले होते. तो फॉन्ट आता कोणाकडे नाही. फाइल उघडते, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी दिसते. त्यात आपल्या दिवंगत शिक्षकांचे लेख आहेत. छापील प्रती होत्या म्हणून ते वाचले.

तर मग आज की उद्या? याचे उत्तर आम्हाला आपल्या शिंप्याकडे सापडले. आपल्या कित्येक माता-भगिनी घरी शिलाईकाम करतात, त्यांना हे सांगायला नको. जूनमध्ये गणवेश शिवताना शिंपी आत थोडी माया ठेवतो. मूल वाढले की उसवून तोच सदरा मोठा करता येतो. पण कोणताही शहाणा शिंपी दोन वर्षांनंतरच्या मापाचा सदरा आज मुलाच्या अंगात घालून, "चालू दे, वाढेल हळूहळू," असे म्हणत नाही. तारखेचे चार अंक, युनिकोडची जादा जागा, वाटून देता येईल असे काम, ही झाली माया. आणि आजच्या दुबळ्या यंत्रावर उद्याच्या यंत्राचा भार टाकणे, हा झाला ढगळ सदरा. रचनेत उद्यासाठी जागा ठेवावी, परंतु ताकद मात्र आजच्या यंत्राइतकीच मागावी. या लेखाचे तात्पर्य एवढेच.

आम्ही काय करून पाहिले

विक्रेत्याच्या सांगण्यावर निर्णय घेण्यापूर्वी नववीतील सहा विद्यार्थी व आपले संगणक शिक्षक यांनी एका संगणकावर तीन शनिवार प्रयोग केला. कसोटी एकच होती. बटण दाबल्यापासून पडद्यावर "शाळा" हा शब्द मराठीत टाइप होईपर्यंत किती वेळ लागतो?

आहे त्या स्थितीत लागली चार मिनिटे दहा सेकंद. काहीच उघडलेले नसताना चारपैकी अडीच गिगाबाइट रॅम भरलेली होती. आपोआप सुरू होणारे अकरा अनावश्यक प्रोग्रॅम बंद केल्यावर वेळ तीन मिनिटांच्या आत आला. त्यासाठी एक पैसाही खर्च झाला नाही. नंतर फिरणारी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर चाळीस सेकंद. शेवटी लिनक्सवर आधारित एक हलकी, मोफत प्रणाली टाकली, तर तीस सेकंद, आणि रॅम एक गिगाबाइटहून कमी भरली. यंत्र तेच, २०१४ चे, "भंगार" ठरलेले.

अडचणीही प्रामाणिकपणे सांगतो. जुना स्कॅनर या प्रणालीवर चालला नाही. विज्ञानाचा एक प्रोग्रॅम बसला नाही. दोन शिक्षकांना मेनूतील नावे बदलल्याने चिडचिड झाली. सवय लागायला वेळ लागेल. पण केरळमधील सरकारी शाळांत गेली अनेक वर्षे लिनक्सवर आधारित प्रणालीच वापरली जाते. तेथील मुलांना जमते, तर आपल्या मुलांनाही जमेल.

सेवा संपलेली जुनी प्रणाली तशीच ठेवून इंटरनेट वापरणे मात्र आम्हाला मान्य नाही. त्यात मुलांची व शाळेची माहिती धोक्यात येते. म्हणजे काहीच न करणे हा पर्याय आपल्यासमोर नाही.

विश्वस्तांना, पालकांना आणि विद्यार्थ्यांना

विश्वस्त मंडळींपुढे आमची विनंती अशी. अठरापैकी चौदा संगणकांना एसएसडी व थोडी जादा रॅम बसवून हलकी प्रणाली टाकावी. उरलेले चार सुट्या भागांसाठी ठेवावेत. विद्यार्थ्यांना संगणक उघडून दाखवण्यासाठीही ते उपयोगी पडतील. कार्यालयीन कामे, ऑनलाइन अर्ज आणि जे जुन्या यंत्रावर चालत नाही त्यासाठी तीन नवे संगणक घ्यावेत. खर्च दरपत्रकाच्या एक तृतीयांशाहून कमी येईल. अशा रीतीने तीन-चार वर्षे सहज निघतील, असा आपल्या संगणक शिक्षकांचा अंदाज आहे. वाचलेल्या रकमेतून छताचे काम पावसाळ्यापूर्वी व्हावे. नवे घेऊच नये असा आमचा आग्रह नाही. जे काम खरेच नव्या यंत्राचे आहे, त्यासाठी नवे यंत्र जरूर घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येक जण पुढे सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात जाल. २०१५ मध्ये फेसबुक कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मंगळवारी एक तास मंद टू-जी इंटरनेटचा अनुभव घेण्याची सोय केली होती. भारतासारख्या देशातील माणसाला काय सोसावे लागते ते त्यांना कळावे, हा हेतू. त्याच वर्षी त्यांनी जुन्या मोबाइलसाठी एक मेगाबाइटहून लहान असे हलके अॅपही काढले. तुम्ही काही बनवाल तेव्हा ते आधी घरातल्या सर्वांत जुन्या मोबाइलवर चालवून पाहा. तेथे चालले, तरच काम पूर्ण झाले असे समजा.

आणि पालकांनो, आमच्या चुकीबद्दल त्या मुलीची व तिच्या आईवडिलांची आम्ही प्रत्यक्ष भेटून क्षमा मागितली आहे. गेलेली तारीख त्याने परत आली नाही. आता शाळेची प्रत्येक सूचना आधी साध्या मजकुरात येईल. पहिल्या ओळीत काय करायचे, दुसऱ्या ओळीत शेवटची तारीख. फोटो नंतर, वेगळे. पाठवण्यापूर्वी ती शिपाईमामांच्या जुन्या मोबाइलवर उघडून पाहिली जाईल, कारण शाळेत सर्वांत जुना मोबाइल त्यांचाच आहे. ज्यांच्या घरी तोही नाही, त्यांच्यासाठी सूचना फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहिली जाईल. त्या फळ्याला रॅम लागत नाही.

यापुढे शाळेचा एखादा निरोप आपल्या मोबाइलवर उघडला नाही, तर आपला मोबाइल जुना आहे म्हणून संकोच करू नका. चूक आमची असेल. त्याच दिवशी येऊन सांगा.

आपला,
मुख्याध्यापक